पडलेले शिखर पुन्हा का बांधत नाहीत?

पुण्याहून पाहुणे आले की त्यांना ग्वाल्हेरचा किल्ला दाखवणे हे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराचे ठरलेले काम आहे, आणि किल्ल्यावरच्या सहस्रबाहू मंदिरापाशी येणारा प्रश्नही ठरलेलाच असतो. मागच्या दिवाळीत तो माझ्या आत्याने विचारला. मंडपाच्या खांबांवरचे कोरीवकाम पाहून झाल्यावर ती मागच्या बाजूला गेली, वर पाहिले आणि म्हणाली, “अरे, एवढं देखणं देऊळ आणि शिखरच नाही! सरकार एवढा खर्च करतं, मग बांधून का काढत नाहीत?” दुसऱ्या दिवशी तिला मुरैना जिल्ह्यातल्या बटेश्वरला नेले. तिथे शिखरांसकट उभी असलेली देवळांची रांग पाहून, ही सगळी वीस वर्षांपूर्वी दगडांचे ढीग होती हे ऐकल्यावर, तिचा प्रश्न अधिकच धारदार झाला. पडलेली ही देवळे उभी करता आली, तर ते एक शिखर का नाही?

या प्रश्नाचे उत्तर समजले की प्राचीन वास्तूंचे जतन म्हणजे काय, हे बरेचसे समजते. त्यासाठी आधी ही देवळे उभी कशी राहतात ते पाहिले पाहिजे.

ग्वाल्हेरच्या परिसरातली आठव्या ते अकराव्या शतकातली देवळे वालुकाश्माची आहेत आणि त्यांच्या दगडांमध्ये सहसा चुना किंवा अन्य काही जोडद्रव्य नाही. जोत्यावर जंघा, म्हणजे भिंतीचा मूर्तींनी सजवलेला भाग, तिच्यावर शिखर, शिखराच्या माथ्यावर आवळ्यासारखा पाकळ्यांचा गोल आमलक आणि त्यावर कलश, असा हा थरांवर थर रचत नेलेला डोलारा असतो. प्रत्येक थर खालच्या थरावर स्वतःच्या वजनाने बसलेला असतो. काही ठिकाणी दगडाला खाच पाडून तिच्यात दुसऱ्या दगडाचे कूस, म्हणजे पुढे काढलेले टोक, अडकवलेले असते, तर काही ठिकाणी दोन दगडांना जोडणारी लोखंडी पट्टी असते. खांबांवर तुळया आणि तुळयांवर दगडी फरशा एवढाच छताचा आधार असतो. मुरैना जिल्ह्यातल्याच सिहोनिया गावचे ककनमठ हे अकराव्या शतकातले शिवमंदिर पाहिले, तर ही रचना उघड्या डोळ्यांनी दिसते. त्याचे बाहेरचे आवरण गळून पडले असले, तरी आतला गाभा एकावर एक ठेवलेल्या दगडांच्या बळावर सुमारे 30 मीटर उंच उभा आहे. लांबून पाहणाऱ्याला तो कोणत्याही क्षणी कोसळेल असे वाटते, पण त्याला तोलून धरणारे वजनाचे गणित अजून बिघडलेले नाही.

हे गणित बिघडते ते बहुधा पाण्याने, झाडांनी आणि माणसांनी. सांध्यात पिंपळाचे एक बी रुजले की त्याची मुळे काही वर्षांत मोठा दगड सरकवतात. पायाखालची माती पावसाने वाहून गेली की एक कोपरा खचतो आणि वरचे सगळे थर कलतात. लोखंडी पट्टी गंजली की फुगते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि दोन दगड धरून ठेवण्यासाठी बसवलेली तीच पट्टी त्यांना आतून फोडते. माणसांचा वाटा तर निराळाच सांगावा लागेल. मूर्ती चोरीला गेल्या, जवळपास दगडांच्या खाणी चालल्या, आणि कोरीव दगड कुणाच्या घराच्या पायऱ्यांना लागले.

बटेश्वरला यातले बरेच काही एकाच जागी घडले होते. सुमारे 25 एकरांच्या टापूत, साधारण आठव्या ते दहाव्या शतकांत, गुर्जर-प्रतिहार राजवटीच्या काळात बांधलेली 200च्या आसपास लहानमोठी देवळे, बहुतेक शिवाची आणि काही विष्णूची, जवळजवळ सगळी कोसळलेली होती. चंबळच्या खोऱ्यात डाकूंचा वावर असल्यामुळे तिथे जाऊन काम करणे दीर्घकाळ कठीण होते. 2005 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे के. के. मुहम्मद यांनी तिथे काम सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत 80च्या आसपास देवळे पुन्हा उभी राहिली.

ती कशी उभी राहिली, हे समजून घेण्यासारखे आहे. विखुरलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यात पहिले काम दगड ओळखण्याचे असते. पाकळ्या असलेला गोल दगड दिसला तर तो आमलक. त्याचा व्यास मोजला की तो केवढ्या शिखरावर बसला असेल याचा अंदाज येतो, आणि केवढे शिखर हे कळले की त्याखालचे जोते केवढे असले पाहिजे हेही कळते. द्वारशाखेचा, म्हणजे कोरीव दारचौकटीचा, तुकडा मिळाला तर त्यावरच्या वेलबुट्टीची रेघ ज्या दुसऱ्या तुकड्यावर अखंड पुढे जाते, तो तिचा जोडीदार ठरतो. दगडाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला पाडलेल्या खाचा, टाकीच्या घावांची दिशा, दगडाचा रंग, पडताना तो कोणत्या बाजूला पडला असावा, या सगळ्या खुणा जुळवाव्या लागतात. प्रत्येक दगडाला क्रमांक देतात, त्याचे मोजमाप आणि छायाचित्र नोंदवतात, आणि थर आधी जमिनीवर मांडून पाहतात. रेघा जुळल्या तरच तो थर जोत्यावर चढतो. फाटलेल्या कागदी चित्राचे तुकडे जुळवताना मुले जे करतात तेच हे काम आहे. फरक एवढाच की इथे एकेका तुकड्याचे वजन कित्येक मण असते, शेकडो चित्रांचे तुकडे एकमेकांत मिसळलेले असतात आणि मूळ चित्र कुणीच पाहिलेले नसते.

जगभरात या पद्धतीला अनॅस्टायलोसिस म्हणतात; आपण तिला पुनर्जुळणी म्हणू. 1964 साली व्हेनिस इथे जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनी जतनाची जी सनद तयार केली, तिने या बाबतीत एक कडक नियम घातला. जागेवरच पडलेले मूळ भाग पुन्हा जुळवायला हरकत नाही. ते जुळवून धरण्यासाठी थोडा नवा दगड घालावा लागला तर तो घालावा, पण तो नवा आहे हे पाहणाऱ्याला ओळखता आले पाहिजे. जिथे मूळ दगडच नाहीत आणि केवळ तर्काने काम चालवावे लागेल, तिथे थांबावे.

आत्याच्या प्रश्नाचे उत्तर याच नियमात आहे. बटेश्वरला दगड जागेवर होते, म्हणून देवळे उभी करता आली. सहस्रबाहू मंदिराच्या गर्भगृहावरचे शिखर मात्र गेले आहे आणि त्याचे दगड तिथे नाहीत. कच्छपघात राजा महीपाल याच्या काळात 1093 साली पूर्ण झालेल्या या विष्णुमंदिराचे शिखर आज बांधायचे म्हटले, तर ते आपल्या कल्पनेतले शिखर होईल. ते सुंदरही होईल कदाचित, पण अकराव्या शतकातल्या शिल्पींनी ते तसे बांधले होते असे आपण पुढच्या पिढ्यांना खोटेच सांगितल्यासारखे होईल.

अशा कामाने फसगत कशी होते, याचे उदाहरण किल्ल्यावरच आहे. तेली का मंदिर हे त्या टेकडीवरचे सर्वांत उंच देऊळ. त्याची जागा चौरस नसून आयताकृती आहे आणि माथा निमुळत्या शिखराऐवजी गाडीच्या अर्धगोल छपरासारखा आहे, त्यामुळे उत्तर भारतातल्या देवळांत ते वेगळे उठून दिसते. 1857च्या उठावानंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात असताना या देवळात सोडावॉटरचा कारखाना चालवला गेला. पुढे 1881 ते 1883 या वर्षांत मेजर कीथ या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची डागडुजी करवली आणि आसपास पडलेले कोरीव अवशेष वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचेच प्रवेशद्वार करून देवळासमोर उभे केले. हेतू चांगला होता आणि त्या काळी त्याने हे देऊळ सावरले, याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. पण आज त्या दारातून आत जाणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना ते दार देवळाइतकेच जुने वाटते. मलाही वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत तसेच वाटत होते.

इतका काटेकोरपणा कशासाठी, असे कुणी विचारले तर मी त्याला किल्ल्याच्या चढावरच्या चतुर्भुज मंदिरापाशी नेतो. एकाच खडकात कोरलेले हे लहानसे देऊळ आहे. तिथल्या 876 सालच्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी 270 हात लांब आणि 187 हात रुंद जमीन दिल्याचे आणि रोज 50 माळा देवाला मिळाव्यात अशी व्यवस्था केल्याचे लिहिले आहे. त्या 270 आणि 50 मधली शून्ये आपण आज लिहितो तशीच लहान वर्तुळे आहेत, आणि ज्यांचे साल निश्चित माहीत आहे अशा भारतातल्या जुन्या शून्यांमध्ये त्यांची गणना होते. जगभरातले गणिताचे अभ्यासक ती पाहायला ग्वाल्हेरला येतात. मधल्या अकराशे वर्षांत एखाद्या श्रद्धाळू माणसाने त्या भिंतीवर जाड गिलावा चढवला असता, किंवा तैलरंगाचे चार हात दिले असते, तर ती वर्तुळे त्याखाली गाडली गेली असती.

आपल्या लोकांचे आणि पुरातत्त्ववाल्यांचे खटके उडतात ते नेमके इथे, आणि त्यात दोन्ही बाजूंची कळकळ खरी असते. जीर्णोद्धार हे आपल्याकडे मोठे पुण्यकर्म मानले आहे. ज्या देवाची रोज पूजा होते त्याचे घर गळके, पडके ठेवणे भक्ताला सहन होत नाही, आणि होऊही नये. अडचण जीर्णोद्धाराच्या भावनेत नाही, ती सामग्रीत आणि घाईत आहे.

आमच्या गल्लीतल्या एका जुन्या मराठी देवळाचेच उदाहरण देतो. विटांच्या आणि चुन्याच्या भिंती, दगडी फरशी आणि लाकडी सभामंडप असलेले हे देऊळ दीडशे वर्षे तरी जुने असावे. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढली आणि मोठ्या हौसेने त्याचा जीर्णोद्धार केला. त्या वर्गणीच्या वहीत माझीही सही आहे. फरशीवर गुळगुळीत टाइल्स बसवल्या, भिंतींना कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केला आणि वर चकचकीत रंग दिला. दुसऱ्याच पावसाळ्यानंतर सिमेंटच्या वरच्या कडेला, आधी कधीच नव्हती तिथे, ओल दिसू लागली. मग भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागला, रंगाचे पोपडे सुटले, आणि बोट लावले तर विटेची भुकटी हातात येऊ लागली.

यामागचे कारण साधे आहे. जमिनीतले पाणी जुन्या भिंतीत थोडेथोडे चढतच असते. चुन्याचा सांधा आणि चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ते पाणी वाटेतच हवेत उडून जाते. भिंत श्वास घेते असे जुने गवंडी म्हणत ते यासाठीच. सिमेंटमधून पाण्याला अशी सहज वाट मिळत नाही. त्यामुळे खाली टाइल्सनी आणि बाजूंनी सिमेंटने कोंडलेले पाणी आणखी वर चढते आणि जिथे पहिली उघडी वीट किंवा दगड सापडेल तिथून बाहेर पडते. जाताना ते विरघळलेले क्षार तिथेच सोडते. त्या क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि त्याचा पृष्ठभाग आतून फोडत राहतात. शिवाय सिमेंट दगडापेक्षा कठीण असते. उन्हाने सगळी भिंत प्रसरण पावली की मऊ चुना थोडा दबतो आणि दगड वाचतो. सिमेंट दबत नाही, मग दगडाची कड उडते. सांधा झिजावा आणि दगड टिकावा, ही जुन्या बांधकामाची रीत सिमेंटने उलटी होते.

म्हणून प्राचीन वास्तूंच्या दुरुस्तीत आजही कळीचा चुना भिजवून मुरवतात, त्यात वाळू आणि विटांची सुरखी घालून चुन्याच्या घाण्यात मळतात, आणि गरजेनुसार बेलफळाचे पाणी, गूळ, उडीद अशा गोष्टींचा उपयोग करतात. हा चुना सिमेंटसारखा रातोरात कठीण होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड बनतो. काम रेंगाळते आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते सुरू करता येत नाही, अशी तक्रार होते, आणि ती खरीही आहे.

आतापर्यंत मी देवळांबद्दलच लिहिले, कारण लोक ती पाहायला जातात. पण याच परिसरात त्यांच्या तोडीचा आणखी एक ठेवा आहे, ज्याच्याकडे फारसे कुणी फिरकत नाही. तो म्हणजे प्राचीन शैव मठ. लष्कर भागातल्या मराठी माणसाला मठ म्हटले की ढोलीबुवांचा मठ आठवतो, जिथल्या हरिकथेने आजही तानसेन समारोहाची सुरुवात होते. हजार वर्षांपूर्वी इथे मत्तमयूर नावाच्या शैव आचार्यपरंपरेचे मठ होते. शिवपुरी जिल्ह्यातली रन्नोद, सुरवाया आणि तेरही, तसेच अशोकनगर जिल्ह्यातले कदवाहा या गावांत त्यांच्या दगडी इमारती आजही उभ्या आहेत. रन्नोदच्या मठातल्या शिलालेखात या आचार्यांची परंपरा दिलेली आहे. अवंतिवर्मन नावाच्या राजाने दीक्षा घेण्यासाठी पुरंदर या आचार्यांना आणवले आणि पुरंदरांनी आधी मत्तमयूर नावाच्या ठिकाणी आणि मग रणिपद्र, म्हणजे आजचे रन्नोद, इथे मठ स्थापन केला, असे तो लेख सांगतो.

या मठांना शिखर नाही आणि अप्सरांच्या मूर्तींची गर्दीही नाही. मधे अंगण, भोवती ओसरी, ओसरीला लागून खोल्या, जाड भिंती आणि वर प्रचंड दगडी फरशांचे सपाट छत. सुरवायाच्या मठाच्या अंगणात मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला आमच्या आजोळच्या चौसोपी वाड्याची आठवण झाली. इथे माणसे राहत, शिकत आणि शिकवत असत. देवळावरून आपल्याला त्या काळचा देव कळतो, मठावरून त्या काळचे रोजचे जगणे. या परंपरेची माणसे फार दूरवर पोहोचली होती. सीधी जिल्ह्यातल्या चंद्रेह इथे देऊळ आणि त्याला लागून मठ अशी त्यांची जोडवास्तू आहे, आणि कोकणात खारेपाटणला सापडलेल्या शिलाहार राजा रट्टराज याच्या शके 930च्या, म्हणजे इसवी सन 1008च्या ताम्रपटात याच मत्तमयूर परंपरेतल्या आचार्यांना दिलेल्या दानाची नोंद आहे. ग्वाल्हेर आणि महाराष्ट्र यांचे नाते आपण शिंद्यांपासून मोजतो; ते त्याच्याही सातशे वर्षे आधीपासूनचे आहे.

या वास्तू आज शिल्लक आहेत त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, आणि त्याचे नाव ग्वाल्हेरच्याही मराठी घरांत फारसे ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. 1913 साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी आपल्या संस्थानात पुरातत्त्व खाते काढले आणि त्याची सूत्रे मो. ब. गर्दे यांच्याकडे दिली. गर्द्यांनी संस्थानभर हिंडून लेख वाचले, वास्तूंची नोंद केली, झाडे तोडून आणि आधार देऊन त्या सावरल्या, आणि सुरवाया व पढावली इथल्या वास्तूंवर लिहिले. किल्ल्याच्या पायथ्याच्या गुजरी महालातले संग्रहालय त्याच काळात उभे राहिले. तिथे बाघच्या लेण्यांतली चित्रेही आहेत. बाघ हे नर्मदेच्या खोऱ्यातले बौद्ध विहार, तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. ओल आणि पडझड यांमुळे तिथली भित्तिचित्रे नष्ट होऊ लागली तेव्हा, 1982च्या सुमारास, त्यांतली बरीचशी भिंतीवरून अलगद सोडवून ग्वाल्हेरला आणली गेली. एरवी कोणतीही वस्तू तिच्या जागेवरून हलवू नये हा जतनाचा पहिला नियम आहे. तो मोडण्याची वेळ येते ती दुसरा काहीच उपाय उरलेला नसतो तेव्हा.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. काही वास्तू केंद्राच्या, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात असतात आणि काही राज्याच्या. केंद्रीय संरक्षण 1958च्या कायद्याने मिळते. अशा वास्तूच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. वास्तूची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. संरक्षण मिळाले त्या वेळी जिथे पूजा चालू होती तिथे ती चालू राहते. ग्वाल्हेरचा किल्ला 2024 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आला आहे. तिथून जागतिक वारशाच्या मुख्य यादीपर्यंतची वाट लांब आहे. आमच्या गल्लीतल्या देवळासारख्या असंख्य वास्तू मात्र कोणत्याच यादीत नाहीत, आणि त्यांचे जे व्हायचे ते त्यांच्या विश्वस्तांच्या आणि शेजाऱ्यांच्या समजुतीवर ठरते.

रन्नोदच्या त्या शिलालेखाकडे मी पुन्हा येतो, कारण त्यात मला या सगळ्या वादाचे उत्तर दिसते. पुरंदरांनंतर काही पिढ्यांनी व्योमशिव नावाचे आचार्य झाले. मठाला आलेली अवकळा त्यांनी दूर केली, त्याला पुन्हा वैभव आणले आणि तलाव बांधला, असे लेखात आहे. म्हणजे जीर्णोद्धार त्यांनीही केला होता. पण मठ मूळ कुणाचा आणि नंतरचे काम कुणाचे, हे त्यांच्या परंपरेने दगडावर वेगवेगळे कोरून ठेवले, आणि म्हणूनच हजार वर्षांनी आपण दोघांनाही ओळखतो. नवा दगड नवा म्हणून ओळखू यावा, हे व्हेनिसच्या सनदेतले कलम तरी याहून निराळे काय सांगते?

आमच्या देवळातल्या टाइल्स आम्ही या उन्हाळ्यात काढल्या. खाली मूळ दगडी फरशी बरीचशी शाबूत निघाली आणि उंबऱ्यालगतच्या एका फरशीवर, झिजलेल्या मोडी अक्षरांत, कुणाचे तरी नाव आहे. ते अजून पुरते लागलेले नाही. सिमेंट खरवडण्याचे काम दसऱ्यानंतर सुरू होईल. चुना भिजत घातला आहे, आणि प्रत्येक भिंतीचे छायाचित्र तारीख घालून वहीत चिकटवले आहे.